कोबा पडण्याआधी: नाशिकच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय: गंगापूर रोड परिसरातील काळी चिकणमाती, तिच्यावरील बांधकामे आणि जोते तपासणी

माननीय आयुक्त,



एखाद्या इमारतीचे जोते झाले, त्यावर कोबा पडला, की तिच्याखालची जमीन पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. वरचे बाकी सगळे पुढे केव्हाही तपासता येते. काँक्रीटचे क्यूब फोडून पाहता येतात, भिंतीला ओळंबा लावता येतो, गिलावा ठोकून पोकळ आहे का ते कळते. पण जोत्याखाली काय भरले, किती दाबले, पाया मुरुमापर्यंत गेला की काळ्या मातीतच थांबला, हे कोब्यानंतर कळायला मार्ग नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांनी भिंतीवरचे तडे ते सांगतात, आणि तोवर घर दुसऱ्याच्या नावावर झालेले असते.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि याच रस्त्यालगत राहतो. कामाची बहुतेक वर्षे पाया आणि माती यांच्यातच गेली. त्या अनुभवाच्या जोरावर आपल्याकडे एक गोष्ट मागतो आहे: जे गाडले जाणार आहे त्याचा मोजून घेतलेला लेखी पुरावा, ते गाडले जाण्याआधी, महानगरपालिकेने मागावा. बाकीचे पत्र म्हणजे ही मागणी गंगापूर रोडवर इतकी निकडीची का आहे, याचा खुलासा.

अशोक स्तंभापासून निघून आनंदवली, सोमेश्वर आणि गंगापूर गावावरून धरणाकडे जाणारा हा रस्ता बराचसा गोदावरीच्या सोबतीने जातो. आज जिथे टॉवर आणि रो हाऊस आहेत तिथे मळे होते, द्राक्षबागा होत्या, विहिरी होत्या. ती शेती ज्या काळ्या मातीने पिकवली, तीच माती आज घरांना छळते. आपल्या जुन्या गावांना हे ठाऊक होते. वस्ती पांढरीत करायची आणि काळी नांगराखाली ठेवायची, अशी वाटणी महाराष्ट्रभर दिसते. नाशिक वाढले तशी ती वाटणी मोडली. शहर वाढायचे तर ती मोडणारच. मात्र काळीत घर बांधायचे ठरवले, की काळीच्या स्वभावाप्रमाणेच बांधावे लागते.

तो स्वभाव असा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आपला बेसॉल्ट खडक कुजत गेला, त्याचा मुरूम झाला आणि मुरुमाची पुढे चिकणमाती झाली. या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचा प्रत्येक कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा बनलेला असतो. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. पाणी गेले की ते पुन्हा जवळ येतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात पडीक प्लॉटवर ज्या भेगा दिसतात, त्यांत हात कोपरापर्यंत जातो. आपल्याकडे हा फुगण्या-आकसण्याचा खेळ जमिनीखाली साधारण तीन-साडेतीन मीटरपर्यंत चालतो. त्याच्या खाली ओलावा बारमाही सारखा राहतो आणि माती शांत असते.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांच्या प्लॉटवर खड्डा घेतला, त्याचे वर्णन करतो. वरचा वीतभर थर विटांचे तुकडे आणि राडारोडा. त्याखाली काळी माती, ढेकूळ फोडले की आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केल्यासारखा चकाकणारा. वर्षानुवर्षे फुगताना-आकसताना मातीच मातीवर घसरते, त्याची ही खूण. एक मीटरच्या खाली चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागले. पावणेदोन मीटरवर पिवळसर मऊ मुरूम आणि त्याखाली पहार लागेना असा कठीण मुरूम. त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात, वीस-पंचवीस पावलांवर, मुरूम दोन फुटांवरच लागला. सोमेश्वरला नदी उघड्या कातळावरून उडी घेते आणि तिथून जवळच काळीचे मीटर-दोन मीटरचे थर सापडतात. या भागात शेजारच्या प्लॉटचा अहवाल आपल्या प्लॉटला चालत नाही, तो यामुळे.

त्या काळ्या मातीची एक साधी चाचणी केली. वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून काढलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घालायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल या मातीला फुगवत नाही. २४ तासांनी पाहिले तर रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरच्या खुणेवर होती आणि पाण्यात १९ वर. म्हणजे मुक्त फुगवटा ९० टक्के. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे ५० टक्क्यांहून अधिक मुक्त फुगवट्याची चिकणमाती रस्त्याच्या भरावाला चालत नाही. ही चाचणी भारतीय मानकांत आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही आणि एका दिवसात निकाल मिळतो. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ती करू शकतो.

आता या विषयातला सर्वात मोठा गैरसमज. लोकांना वाटते, काळ्या मातीचा धोका उंच इमारतीला. खरे तर उलट आहे. अनेक मजल्यांचा टॉवर बांधताना तळघरासाठी काळी माती पूर्ण उचलली जाते आणि पाया कठीण मुरुमावर किंवा खडकावर बसतो. मार खातात ती हलकी बांधकामे: रो हाऊस, बंगले, कुंपणाच्या भिंती, वॉचमनची खोली, पेव्हर ब्लॉक, गटारे आणि रस्ते. कारण साधे आहे. अडवून धरलेली काळी माती फुगताना दर चौरस मीटरला १० ते २० टन रेटा सहज देते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. पाच फुटी कुंपणाची भिंत आपल्या पायावर दर चौरस मीटरला जेमतेम दोन-तीन टन भार देते. एकमजली घरसुद्धा फार पुढे जात नाही. खालून येणारा रेटा वरच्या वजनापेक्षा मोठा असला की भिंत उचलली जाते. आणि ती सगळीकडे सारखी उचलली जात नाही. बागेचे पाणी जिथे मुरते तिथे जास्त, कोरड्या बाजूला कमी. हा फरकच घर फोडतो.

अशा घरातल्या खुणा वाचायला सोप्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा, मे महिन्यात रुंद आणि सप्टेंबरात मिटलेला. ऑगस्टमध्ये घासणारे आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुटे होणारे दार. हॉलच्या मध्यभागी उचललेली फरशी, कारण घराखाली ऊन पोचत नाही, ओलावा साचून राहतो आणि मधली माती फुगलेलीच राहते. रहिवासी दर दिवाळीला तडा भरून रंग देतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तो तिथेच उघडतो. तडा भरून हा आजार जात नाही, कारण आजार भिंतीत नसतोच.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. उलट या मातीवर आपल्या देशात, आपल्या राज्यात उत्तम काम झालेले आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की फुगणाऱ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकटपणा असलेला पण न फुगणारा थर घट्ट दाबून बसवला तर खालचा फुगवटा बऱ्याच अंशी आवरतो. कर्नाटकात मलप्रभा कालव्यावर हे तंत्र वापरले गेले आणि फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी ते भारतीय मानकांतही आले. असा थर द्यायला बऱ्याच ठिकाणी आपला मुरूमच कामाला येतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाईल विकसित केली: तळाशी गोल फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब, जो ओलावा बदलत नाही अशा खोलीत, म्हणजे किमान साडेतीन मीटरवर, जमीन पकडून बसतो. अशा पाईलवर बीम टाकताना बीमखाली सात-आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे वरची माती फुगली तरी तिला ढकलायला काही मिळत नाही. ही मोकळी जागा साइटवर हमखास विसरली जाते. बीमचे काँक्रीट थेट मातीवर ओततात आणि पाईलचा निम्मा फायदा तिथेच जातो.

गंगापूर रोडवर जिथे काळीचा थर मीटर-दोन मीटरचा आहे, तिथे सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे ती उचलून मुरूम भरणे. हे ऐकायला सोपे आहे आणि बिघडते तेही इथेच. मुरूम २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांत पसरावा लागतो, त्याला नेमके पाणी द्यावे लागते आणि प्रत्येक थर रोलरने दाबून त्याची घनता मोजावी लागते. पाणी कमी पडले तर कण सरकत नाहीत, जास्त झाले तर थर रबरासारखा हलतो. अमेरिकी अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये हे पाणी आणि घनतेचे नाते मांडले, तेव्हापासून जगभर भरावाची परीक्षा त्याच कसोटीवर होते. आपल्या साइटवर मात्र पुष्कळदा डंपरने मुरूम एकदम ओतला जातो, वरून टँकर सोडला जातो आणि ‘पाण्याने बसेल’ असे सांगितले जाते. तो बसतो खरा, पण फरशी घातल्यावर.

एक चूक विशेष नोंदवण्यासारखी आहे. काळी माती काढून खड्ड्यात वाळू किंवा क्रश सँड भरतात, कारण ती लवकर बसते. पण चारही बाजूंना चिकणमाती आणि मध्ये वाळू म्हणजे पायाखाली पाणी साठवण्याची जागा. पावसाचे पाणी त्या वाळूत शिरते, बाहेर पडायला वाट नसते, आणि बाजूची व खालची माती वर्षभर ते पीत राहते. अशा जागी थोडे चिकट बारीक कण असलेला, चांगला दबलेला मुरूमच हवा.

रस्ते, अंतर्गत वाटा आणि पार्किंगसाठी चुना हा जुना आणि चांगला उपाय आहे. वजनाच्या तीन ते सहा टक्के चुना नीट मिसळला की त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांवर बसते, तिचा चिकटपणा कमी होतो, ती भुसभुशीत होते आणि पुढे हळूहळू कठीण होत जाते. एकलहरे औष्णिक वीज केंद्राची राखही चुन्याबरोबर वापरता येते. मात्र ढेकळे बारीक फोडून मिसळल्याशिवाय यातले काही घडत नाही. ओल्या ढेकळांवर चुना भुरभुरून वर खडी पसरली, की बिलात चुना लागतो आणि मातीत लागत नाही.

आणि सर्वात स्वस्त उपाय पाण्याचा बंदोबस्त. घराभोवती मीटर-दीड मीटरचा, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा, गच्चीचे पाणी पायापाशी न सोडणे, गळक्या टाक्या आणि चेंबर वेळेवर दुरुस्त करणे, मोठी झाडे भिंतीपासून दूर लावणे. माती किती फुगेल हे तिच्या जातीवर असतेच, पण त्याहून अधिक ते तिच्या ओलाव्यातल्या चढउतारावर असते. ओलावा सारखा राहिला तर हीच माती मुकाट पडून राहते.

अलीकडे कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून भू-सुधारणेची मोठी नावे आपल्याकडे येऊ लागली आहेत: स्टोन कॉलम, उभे निचरा-पट्टे, वजनाचा पूर्वभार. ही तंत्रे खरी आहेत, मोलाची आहेत, पण ती दुसऱ्या आजाराची औषधे आहेत. न्हावा-शेवा आणि उरणच्या खाडीकाठी समुद्री चिकणमातीचे पाण्याने तुडुंब भरलेले, लोण्यासारखे मऊ, अनेक मीटर जाडीचे थर आहेत. तिथे प्रश्न फुगण्याचा नसून खचण्याचा. वजन ठेवले की पाणी पिळून निघते आणि जमीन वर्षानुवर्षे खाली जात राहते. कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये या संथ खचण्याचे गणित मांडले. पाण्याला बाहेर पडण्यासाठी कापावे लागणारे अंतर निम्मे केले, तर लागणारा वेळ चौथाईवर येतो. म्हणून खाडीच्या गाळात मीटर-दीड मीटरवर निचरा-पट्टे उभे खुपसतात, वर मातीचा ढीग रचतात, आणि जे खचणे दशकांत झाले असते ते महिन्यांत उरकून घेतात. स्टोन कॉलम म्हणजे मऊ गाळात कंपनाने भोक पाडून ठासून भरलेले खडीचे खांब. ते भारही पेलतात आणि पाण्याला वाटही देतात. दोन्हींसाठी भारतीय मानके आहेत.

इटलीतल्या पिसाच्या मनोऱ्याला तर नुसत्या वेळेनेच वाचवले. ११७३ मध्ये सुरू झालेले त्याचे काम काही मजल्यांनंतर जवळपास शंभर वर्षे बंद राहिले. तेवढ्या काळात खालची मऊ चिकणमाती दाबली जाऊन बळकट झाली. सलग बांधला असता तर तो त्याच काळात कोसळला असता, असे तज्ज्ञांचे मत आहे. पुढे १९९० मध्ये तो पर्यटकांसाठी बंद करावा लागला, आणि ज्या बाजूला तो झुकला नव्हता त्या बाजूखालची माती थोडीथोडी काढून त्याला किंचित सरळ केल्यावर २००१ मध्ये पुन्हा खुला झाला.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की उपाय मातीवरून ठरतो. गंगापूर रोडवरच्या दोन मीटर काळीत स्टोन कॉलम रोवणे म्हणजे पैशाची नासाडी, शिवाय कॉलममधल्या खडीतून पाणी थेट काळीच्या पोटात जाणार. पण याच रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला, जुन्या नाल्यांच्या पात्रात आणि बुजवलेल्या विहिरींवर खरोखरची मऊ, ओली, खचणारी जमीन सापडते. तिथे फुगवट्याचे उपाय पुरत नाहीत. बुजवलेली विहीर असेल तर आतला कचरा पूर्ण काढून दगड आणि काँक्रीटने ती भरावी लागते, किंवा दोन्ही काठांवर टेकणारा बीम टाकून तिच्यावरून जावे लागते. दहा पावलांच्या अंतरात जमीन बदलते तेव्हा आधी तपासणी, मग उपाय, हाच क्रम चालतो. ‘या भागात आम्ही नेहमी असाच पाया घेतो’ हे वाक्य इथे सर्वात महाग पडते.

ही माती आपल्याला नवी नाही, याचा पुरावा याच रस्त्याच्या टोकाला उभा आहे. १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण मातीचे आहे, सुमारे चार किलोमीटर लांब. मध्ये पाणी अडवणारा काळ्या मातीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मुरुमाचे कवच, ही महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणांची रूढ रचना. थर घालून, पाणी मोजून, दाबून, प्रत्येक थराची चाचणी घेऊन ही धरणे बांधली जातात. धरणाच्या कामात तपासणीशिवाय पुढचा थर पडत नाही. घराच्या जोत्यात मात्र ही शिस्त ठेकेदाराच्या मर्जीवर सोडलेली असते. आणि माती तपासणारी राज्याची संस्थाही आपल्याच शहरात आहे. दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपण सगळे जिला ‘मेरी’ म्हणतो, १९५९ पासून काम करते आहे. खुद्द गंगापूर रोडवर मविप्र शिक्षणसंस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्ञान, प्रयोगशाळा आणि माणसे, तिन्ही हाताशी आहेत. नसलेली गोष्ट एकच: हे ज्ञान साइटवर वापरले की नाही, हे ठरलेल्या वेळी विचारणारा अधिकारी. तो अधिकार आपल्याकडे आहे.

बांधकाम परवानगीच्या प्रवासात जोते तपासणी हा असा एकमेव थांबा आहे, जिथे पालिकेचा माणूस साइटवर येतो तेव्हा जमीन नुकतीच झाकली गेलेली असते. त्या भेटीत आराखड्याप्रमाणे सामासिक अंतरे मोजली जातात. त्याच भेटीत जोत्याखालचा पुरावाही पाहिला जावा, यासाठी पुढील मागण्या करतो.

१. प्रत्येक बांधकामाच्या जोते तपासणीच्या अर्जाला माती परीक्षण अहवाल, पायाच्या तळाची तारखेसह छायाचित्रे आणि भरावाच्या थरनिहाय घनता चाचण्या जोडणे बंधनकारक करावे. ही अट उंच इमारतींपुरती नसावी. रो हाऊस, बंगले आणि लांब कुंपणाच्या भिंतींनाही लागू असावी, कारण मार त्यांनाच बसतो. भारतीय मानकांप्रमाणे साधारण ०.४ हेक्टरच्या जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे बोअर किंवा खड्डे पुरतात. लहान बांधकामाला मधला एकही चालतो. लहान प्लॉटवर ही तपासणी कुणालाही परवडावी अशी आहे.

२. काळी माती आढळल्यास अहवालात मुक्त फुगवटा आणि फुगवट्याचा रेटा या दोन चाचण्या असाव्यात, आणि संरचना अभियंत्याने निवडलेला उपाय व त्याचे कारण एका परिच्छेदात लिहून द्यावे. नुसता ‘भारवहन क्षमता इतकी’ हा आकडा काळ्या मातीत अर्धीच माहिती देतो.

३. मोठ्या प्रकल्पांच्या फायलींत माती परीक्षणाचे अहवाल असतात. ते एकत्र करून, ‘मेरी’ आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मदतीने, काळीची जाडी, मुरुमाची खोली, बुजवलेले नाले आणि विहिरी दाखवणारा शहराचा जमीन-नकाशा तयार करावा आणि तो नागरिकांना खुला करावा. आज ही माहिती फायलींत पडून आहे. नकाशावर आली तर नवीन घर बांधणाऱ्याला पहिल्या दिवशी दिशा मिळेल.

४. जलवाहिनी, मलवाहिनी, गॅस किंवा केबल, खोदणारी यंत्रणा कोणतीही असो, रस्त्याचा चर काढलेल्या काळ्या मातीने बुजवू देऊ नये. काळी माती भिजली की तिची भार पेलण्याची ताकद, सी.बी.आर.च्या भाषेत, दोन-तीन टक्क्यांवर येते. चांगला मुरूम दहाच्या वर राहतो. चर मुरुमाने, वीत-वीत थरांत, धुमसाने ठोकून भरला आणि त्याची नोंद ठेवली, तर पहिल्या पावसात तिथे नाली पडणार नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची एवढी कामे होत असताना ही अट आत्ताच निविदांत गेली पाहिजे.

५. तळघरांतून निघणारी काळी माती कुठे जाते याची नोंद ठेवावी. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर दोन मीटर काळी असेल तर दोन हजार घनमीटर माती निघते, म्हणजे डंपरच्या दोनशेहून अधिक खेपा. ती शेजारच्या सखल प्लॉटमध्ये किंवा नाल्यात टाकली, की आज एकाने सोडवलेला प्रश्न उद्या दुसऱ्याच्या पायाखाली येतो आणि पावसाचे पाणीही अडते. हीच माती मुरमाड रानांत सोन्याच्या मोलाची आहे. तालुक्यातल्या शेतकऱ्यांपर्यंत ती पोचवायची व्यवस्था केली, तर दोघांचेही भले होईल.

६. भोगवटा प्रमाणपत्रासोबत घर घेणाऱ्याला एक पानाचा उतारा मिळावा: जमीन कोणती होती, पाया किती खोल आणि कशावर आहे, भराव कशाचा आहे, पाण्याची काय काळजी घ्यावी. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पण काळ्या मातीचे तडे हळूहळू वाढतात आणि ‘हे हवामानाचे आहे, प्लास्टरचे आहे’ असे ऐकण्यातच ती पाच वर्षे निघून जातात. हातात कागद असेल तर चर्चा पहिल्याच वर्षी मुद्द्यावर येईल. प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकालाही हा कागद हवाच आहे, कारण त्याने खरोखर खर्च केलेला मुरूम आज कुणाला दिसत नाही आणि त्याचे श्रेयही त्याला मिळत नाही.

यावर परवानग्या लांबतील असा आक्षेप येईल. तो खोटा ठरवता येतो. या चाचण्या कामाच्या ओघातच होतात. मुक्त फुगवट्याला एक दिवस लागतो, भरावाची घनता जागेवरच मोजता येते. पालिकेने स्वतः काही मोजायचे नाही, मोजलेले मागायचे आहे आणि दहातल्या एखाद्या ठिकाणी अचानक जाऊन पडताळायचे आहे. खर्चाचा आक्षेपही असाच आहे. छोट्या प्लॉटची माती तपासायला जो खर्च येतो, त्याहून जास्त पैसे त्याच घराच्या एकदाच्या तडे-दुरुस्तीत आणि रंगात जातात, आणि ती दुरुस्ती दरवर्षी करावी लागते.

गंगापूर रोडवर घर घेणारे लोक कोण आहेत, हेही आपल्यासमोर मांडले पाहिजे. निवृत्तीची सगळी पुंजी घालून रो हाऊस घेतलेले शिक्षक, वीस वर्षांचे कर्ज काढलेली तरुण जोडपी, परदेशातल्या मुलांच्या पैशांवर आईवडिलांसाठी घेतलेले फ्लॅट. ते फ्लॅटचा आराखडा पाहतात, वास्तू पाहतात, नळाची कंपनी विचारतात. जमिनीखाली काय आहे हे विचारायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि विचारले तरी उत्तर तपासायचा मार्ग त्यांच्याकडे नसतो. त्यांच्या वतीने ते विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी पालिकेची आहे.

नवा कायदा करायची गरज नाही. एक परिपत्रक, जोते तपासणीच्या अर्जात एक रकाना आणि निविदांच्या अटींत दोन ओळी, एवढ्याने सुरुवात होते. या पावसाळ्यानंतर ज्या प्लॉटवर खोदाई सुरू होईल, त्यांच्यापासून ती व्हावी, अशी विनंती आहे. परिपत्रकाचा मसुदा, चाचण्यांचे नमुने आणि उताऱ्याचा आराखडा तयार करून आपल्या अभियंत्यांसोबत बसायला मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला तयार आहोत. आपण तारीख द्यावी.

कळावे,

आपला विश्वासू,
गंगापूर रोडवरील एक स्थापत्य अभियंता
नाशिक